गाळणी नव्हे, पडदा

गाळणी हा शब्द ऐकून भरल्या ताटावरून उठणारा माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या नशिबी दीर म्हणून आला. लग्न होऊन मी भिसेगावात आले तेव्हा भाऊजी मुंबईकडच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते. कशावर, ते घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, "त्यो पाण्याचं कायतरी बघतो." आमचे हे खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जाणारे, ते म्हणायचे, "भोकं पाडतो." मी नवी नवरी. दिराशी चार शब्द गोड बोलावेत म्हणून पहिल्याच आठवड्यात जेवताना विचारलं, "भाऊजी, म्हणजे तुम्ही अगदी बारीक गाळणी बनवता का हो?" त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "वहिनी, गाळणी फक्त आकार बघते. पडदा स्वभाव बघतो," एवढं बोलून हात धुऊन निघून गेले. मला रडूच फुटलं. सासूबाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आत्ता रडू नको गं. उद्या त्योच येऊन समजावून सांगंल, तवा रड."

आणि झालंही तसंच. दुसऱ्या दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते, तर हे गृहस्थ समोर मांडी घालून बसले. मीठ पाण्यात विरघळलं की ते मीठ राहतच नाही, त्याची फाळणी होते, एक वाटा धन भाराचा आणि एक ऋण भाराचा, त्यांना आयन म्हणायचं. प्रत्येक आयन अंगावर पाण्याचा अंगरखा घालून हिंडतो. सोडियम मुळात अंगानं बारका, पण त्याचा अंगरखा दांडगा. पोटॅशियम अंगानं थोराड, पण त्याचं पांघरूण आटोपशीर. म्हणून अरुंद भोकापाशी आले की थोराड पोटॅशियमच सहज आत जातं आणि बारकं सोडियम अडतं. भोकं तरी केवढी? एका केसाच्या जाडीत हजारोंनी मांडता येतील एवढी. आणि त्या भोकांच्या भिंतींनाही भार असतो, त्या आपल्यासारख्याला ढकलतात आणि उलट भाराच्याला जवळ घेतात. "भोकाला आवडनिवड असते वहिनी!" असं ते इतक्या जोरात ओरडले की शेजारीण कुंपणावरून डोकावली. माझे तांदूळ निवडायचे राहिले ते राहिलेच. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मीठ घालताना माझा हात क्षणभर थांबतो.

त्यांना हे सगळं सगळीकडे दिसायचं. आठवडे बाजारात भाजीवाल्यांच्या दोन ओळींमध्ये एक बोळ आहे, माणूस आडवा होऊन जाईल एवढी. भाऊजी कोथिंबीर आणायला म्हणून जायचे आणि त्या बोळीच्या तोंडाशी उभे राहायचे. दोन हातांत दोन पिशव्या आणि काखेत पोर घेतलेली बाई आधी पोर उतरवते, मग एक पिशवी पुढे सारते, मग स्वतः जाते. पलीकडे गेल्यावर पुन्हा सगळं अंगावर घेते. हे बघून भाऊजींच्या डोळ्यांत पाणी. "अगदी असंच होतं वहिनी. अंगरखा उतरवायला किंमत पडते. ती चुकवायची तयारी असेल त्यालाच पलीकडे जाता येतं." कोथिंबीर विसरलेली असायचीच. पुढे पुढे बाजारातल्या बायकाच विचारायच्या, "ते बोळीपाशी उभे राहणारे तुमचेच ना?" काय सांगणार? आमचेच.

लग्नाचं तर विचारूच नका. एकदा पोशीरकडची मुलगी बघायला गेलो होतो. आमच्या सासूबाईंचं गाव ते, ओळखीतलं घर, मुलगीही चांगली शिकलेली. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "आपण काय करता?" भाऊजी म्हणाले, "भोकं पाडतो." गृहस्थ खूश. "बोअरवेलचं का? चांगला धंदा आहे हो आमच्याकडे!" "नाही, त्याहून बरीच लहान," भाऊजी गंभीरपणे म्हणाले, आणि पोह्यांवरचं लिंबू हातात घेऊन त्याच्या सालीवरून सुरू झाले ते पोहे थंडगार होईपर्यंत. मुलगी ऐकत होती हो मन लावून, मी बघत होते. पण बापाचा चेहरा पडला तो पडलाच. परतताना यांनी धाकट्या भावाला फैलावर घेतलं. भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिनं एक प्रश्न फार चांगला विचारला." कोणता, ते मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही. पुन्हा मुलगी बघायलाही गेले नाहीत. प्रयोगशाळेतलं काम संपल्यावर खोपोलीच्या एका कॉलेजात शिकवायला लागले आणि आमच्याच घरी मागच्या खोलीत राहिले, आईजवळ.

सासूबाईंविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सासरे लवकर गेले. या बाईनं दुसऱ्यांच्या शेतात लावणी-कापणी करून दोन पोरं वाढवली. भात शिजला की वरची पेज निथळून घ्यायची, त्यात मिठाचा खडा टाकायचा आणि पोरांना प्यायला द्यायची. कित्येक दिवस तेवढंच जेवण. त्यामुळे अन्नाचं पाणी फेकणं म्हणजे तिच्या लेखी पापच. माझ्या हातून कधी पेज मोरीत गेली तर ती बोलायची नाही, नुसती बघायची. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट. रोज संध्याकाळी बुद्धवंदना झाली की भाऊजींना हाक मारायची, "ये रं, आज काय गेलं तुज्या पडद्यातून, सांग." आणि हा पन्नाशीला आलेला डॉक्टरेट मिळवलेला माणूस शाळेतल्या मुलासारखा तिच्यापुढे बसून सांगायचा. तिला किती कळायचं देव जाणे. पण अख्ख्या जगात त्यांचं शेवटपर्यंत ऐकणारी ती एकटीच होती.

आणि अशा बाईची मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टर म्हणाले, आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस, खोपोलीला. आम्ही सगळे मान खाली घालून बसलो होतो. आणि भाऊजी पुढे वाकून डॉक्टरांना विचारत होते, "पडदा कुठल्या प्रकारचा वापरता? भोकांचा आकार साधारण काय?" असा संताप आला म्हणून सांगू! बाहेर आल्याबरोबर मी त्यांना तिथेच पायरीवर झापलं. "अहो, आई आहे ती तुमची! प्रयोग नाहीये!" ते पायरीवर बसले. डॉक्टरांचा कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. "वहिनी," ते म्हणाले, "मला एवढं एकच येतं."

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर चिडायचं सोडलं. निदान ठरवलं तरी.

डायलिसिसची ती नळकांडी असते ना, हातभर लांब, आरपार दिसणारी, तिच्यात केसासारखे पोकळ धागे हजारोंनी भरलेले असतात. धाग्यांच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून पाणी. रक्तातल्या पेशी भोकांपेक्षा मोठ्या, त्या आतच राहतात; साठलेली घाण आणि वाढलेलं पोटॅशियम तेवढं बाहेरच्या पाण्यात जातं. भाऊजी आईच्या शेजारी स्टूल टाकून दुपारभर बसायचे आणि त्या नळकांडीकडे असे बघायचे, जसं एखाद्यानं देवळात बघावं. आपण आयुष्यभर नखाएवढ्या तुकड्यावर जे केलं ते इथं आईचं रक्त धुतंय, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. तिथे नाझिया नावाची मुलगी यंत्रं सांभाळायची, खोपोलीचीच, हसतमुख. ती म्हणायची, "सर, तुमी असं बघत राहिलात तर मशीन लाजंल."

पण खरा धोका पोटॅशियमचाच. ते रक्तात फार वाढलं की हृदय बंद पडू शकतं. यंत्रावरून घरी आल्यापासून पुन्हा यंत्रावर जाईपर्यंत ते ताब्यात ठेवायचं, म्हणजे सगळं स्वयंपाकघरावर. आणि स्वयंपाकघरावर भाऊजींनी राज्य सुरू केलं. केळं बंद, शहाळं बंद, टोमॅटो बंद. आईसाठी नव्हे, घरातच बंद. तिच्यासमोर कुणी खायचं नाही. बाजारातून मीठसुद्धा ते स्वतः आणायचे आणि पाकिटावरचं बारीक अक्षर वाचत दुकानात उभे राहायचे, कारण काही कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं. बटाटा असो, लाल माठ असो, सोलायचं, बारीक चिरायचं, भिजत घालायचं, मग भांडंभर पाण्यात उकळायचं आणि ते पाणी फेकून द्यायचं. "दाटी असते तिथून मोकळ्या जागी जातं वहिनी, म्हणून पाणी भरपूर घ्यायचं." हे एवढं करून जी भाजी उरायची तिला चव म्हणाल तर भिजलेल्या पुठ्ठ्याची. मी वाढताना शरमायची. सासूबाई मात्र एका शब्दानं तक्रार न करता खायच्या. वर मलाच म्हणायच्या, "तू दमलीस गं. ते पाणी ऱ्हाऊ दे, मी टाकते." मला वाटे, केवढी समजूतदार बाई!

इतकं करूनही प्रत्येक वेळी पोटॅशियम वाढलेलंच. डॉक्टर विचारायचे, "घरी काय खातात?" भाऊजींना ते झोंबायचं. मग त्यांनी डोक्यात घेतलं की दोष पडद्यातच असणार. नाझियाशी वाद घातला, नवी नळकांडी लावताना स्वतः तपासून बघितली, काचेवर नाक टेकवून धागे पाहिले. ती बिचारी ऐकून ऐकून शेवटी म्हणाली, "सर, तुमच्या आईच्या बाजूला जे आजोबा असतात, त्यांना हाच पडदा हाय. त्यांचं बरोबर येतंय. पडद्याला कशाला बोलता? घरी बघा." भाऊजी घरी येऊन न जेवता झोपले. पडदा चुकला नाही हे कळल्याचा आनंद मानावा की दुःख, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

आणि मग एके सकाळी सासूबाईंना उठताच येईना. हातपाय लुळे, छातीत भलतीच धडधड. भाऊजींनी गाडी काढली, मी मागे सासूबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तातडीनं यंत्रावर घेतलं म्हणून वाचल्या. डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही." भाऊजी तिथल्या भिंतीला टेकून उभे राहिले. एवढा बडबड्या माणूस इतका गप्प झालेला मी कधी पाहिला नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली.

घरी आल्यावर त्यांनी ठरवलं, स्वयंपाकघरातलं सगळं तपासायचं. भाजी तपासायची, तसं फेकायचं पाणीही तपासायचं, भाजीतून किती बाहेर पडतंय ते कळावं म्हणून. दोन-तीन दिवसांनी सासूबाई हिंडूफिरू लागल्यावर ते दुपारी कॉलेजातून लवकर आले आणि मला म्हणाले, "माठ उकळलेलं पाणी कुठाय?" मी म्हटलं, "आई टाकायला घेऊन गेल्यात मागं." आम्ही दोघं मागच्या दारी गेलो. सासूबाई धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या. मांडीवर पातेलं, हातात वाटी. त्या लालभडक पाण्यात तांदळाची भाकरी कुस्करून, चवीनं, डोळे मिटून खात होत्या.

भाजी आम्ही आईच्या ताटात वाढत होतो आणि भाजीतलं काढलेलं सगळं आई मागच्या दारी पोटात घालत होती. रोज. जे पोटॅशियम भाऊजी पुढच्या दारानं हाकलत होते ते मागच्या दारानं आत येत होतं. मला ओरडावंसं वाटलं, आणि ओरडलेही असते. भाऊजींनी हातानं मला थांबवलं. ते आईसमोर उकिडवे बसले.

"आई, हे टाकायचं होतं ना?"

सासूबाईंनी वाटी पदराखाली घ्यायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "टाकवत नाय रं," त्या म्हणाल्या. "तुमाला दोघांना असल्याच पाण्यावर वाढवलंय मी. आता मोरीत कसं वतू?"

"त्यात पोटॅशियम आहे आई. त्यानं तू मरशील."

"असंल. पर भाजीतून भाईर काढलंत त्याला. आता त्यालाबी कुटंतरी जायाला जागा नको?"

भाऊजी तिच्याकडे बघतच राहिले. त्यांनी आईच्या हातातून वाटी हळूच काढून घेतली, तोंड पुसलं तिचं, आणि उठून गेले. मला वाटलं, खोलीत जाऊन रडत असतील. तर हे गाडी घेऊन सरळ पोशीरला गेले. संध्याकाळी आले ते केळीचं एक पिल्लू घेऊन, मुळाला माती लागलेलं, पोत्यात गुंडाळलेलं. मागच्या दारी स्वतः खड्डा खणला, कपडे चिखलानं माखवून घेतले. "आई, केळीला पोटॅशियम फार लागतं. तू तिचा वाटा पीत होतीस. उद्यापासून पाणी गार झालं की इथं घालायचं. मोरीत एक थेंब नाही. कबूल?"

सासूबाईंनी त्या पिल्लाकडे पाहिलं, मग लेकाकडे. "हे आधी आणायचंस की रं," त्या म्हणाल्या.

पुढच्या तपासणीत पोटॅशियम उतरलं. नाझियानं कागद हातात दिला तेव्हा भाऊजींनी हात जोडून तिची माफी मागितली, आणि तिच्या नळकांडीचीही. ती तोंडाला ओढणी लावून हसत सुटली. घरी सासूबाईंना कामच मिळालं. पाणी गार झालंय का ते बोट घालून बघायचं, मग पातेलं कंबरेवर घेऊन केळीपाशी जायचं आणि नातवंडाला भरवावं तसं बेताबेतानं घालायचं. बोलायच्यासुद्धा तिच्याशी, "पी गं बाय, तुजंच हाय." केळ अशी फोफावली की पानं पत्र्याला लागली. चवहीन भाजी खाण्याबद्दल आता त्यांना काही वाटत नसे. चव कुठे गेली ते त्यांना माहीत होतं.

एकदा मी त्यांच्याबरोबर डायलिसिसला गेले होते. यंत्र सुरू होतं, सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "का रं, ह्यातून ते जातं, ते एकलंच जातं?" भाऊजी स्टुलावरून पुढे सरकले. "नाही आई. एकटा आयन पलीकडे जाऊ शकत नाही. गेला तर इकडचा तोल जातो. एक तर सोबत कुणीतरी जावं लागतं, नाहीतर त्याच्या बदली पलीकडून कुणीतरी इकडे यावं लागतं." सासूबाईंनी मोकळ्या हातानं लेकाचं मनगट धरलं. "बरं हाय," म्हणाल्या, आणि झोपल्या. भाऊजी यंत्र थांबेपर्यंत तसेच वाकून बसले, पाठ आखडली तरी हात सोडवून घेतला नाही.

केळीला फूल आलेलं सासूबाईंनी पाहिलं. घडाच्या पहिल्या फण्या उलगडत होत्या तेव्हा त्या गेल्या. पोटॅशियमनं नव्हे, वयानं, पहाटे झोपेतच. डॉक्टरांनी सांगितलं, शेवटच्या तपासणीत रक्तातलं सगळं जिथल्या तिथं होतं. भाऊजींच्या मागच्या खोलीत त्यांची आणि आईची खाट एका हाताच्या अंतरावर, आणि तरी त्यांना कळलं नाही. सासूबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजी बोलत होते, माणसांनी अंगण भरलं होतं, आणि भाऊजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिले. मी पाणी घेऊन गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, आई एकटी गेली." मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि शेजारी बसले.

घरात आता कुणालाच पथ्य नाही. तरी भाऊजी अजून रोज संध्याकाळी बसून माठ चिरतात, भिजवतात, उकळतात आणि पाणी गार करून केळीला घालतात. आणि ती पुठ्ठ्याची भाजी आम्ही तिघं मुकाट्यानं खातो. मी एकदाच म्हटलं, "भाऊजी, आता कशाला?" तर म्हणाले, "तिची सवय झालीय." केळीची म्हणाले की आईची, मी विचारलं नाही.

मागच्या पंधरवड्यात घड उतरवला. पिकल्यावर एक फणी त्यांनी नाझियाला नेऊन दिली, दोन शेजारी दिल्या. मग एक केळं घेऊन माझ्यासमोर आले. आईच्या आजारापासून या घरात केळं आलं नव्हतं. त्यांनी ते सोललं, अर्धं मोडून माझ्या हातावर ठेवलं, अर्धं स्वतःकडे ठेवलं.

"घ्या वहिनी," ते म्हणाले. "आईचं पोटॅशियम आहे. पलीकडून आलंय."